पाळीव प्राण्यांचा धंदा मंदीत तरतो का? आधी बिलातली कुठली ओळ ते सांगा

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडते, चुकत असेल तर सांगा. तुम्ही दोघी बहिणी. एकीची नोकरी चालू आहे, दुसरीने सोडली आहे. पुढे पाळीव प्राण्यांच्या खाद्याचं आणि वस्तूंचं दुकान, मागच्या खोलीत ग्रूमिंग, म्हणजे प्राण्यांची आंघोळ आणि केस कापणं, असा बेत आहे. लागणाऱ्या पैशांत निम्म्याहून जास्त कर्ज. मंदीच्या बातम्या वाचून पोटात गोळा आलाय, पण जो भेटतो तो म्हणतो, "हा धंदा मंदीप्रूफ आहे, बिनधास्त उतरा." हे खरं आहे का, आणि नसेल तर मंदीत यापेक्षा कुठला धंदा बरा, असं तुम्ही विचारताय.

मी स्वतः दुकान कधी चालवलेलं नाही. गेली बावीस वर्षं लहान धंद्यांचे कर्जप्रस्ताव तपासते, आणि दिलेलं कर्ज अडकलं की त्या धंद्याच्या वह्या पुन्हा उघडून बसते. पाळीव प्राण्यांशी संबंधित धंदे त्यात तीसेक तरी असतील: दुकानं, ग्रूमिंगवाले, बोर्डिंगवाले (मालक बाहेरगावी असताना प्राणी सांभाळणारे), दोन दवाखाने, एक मत्स्यालयवाले गृहस्थ. त्यामुळे लांब केसांच्या कुत्र्याला कुठला शांपू चालतो ते मला विचारू नका. दुकान बंद पडायच्या सहा महिने आधी त्याची वही कशी दिसते, ते मात्र सांगू शकते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. हे क्षेत्र मंदीत तरतं का, हा एक. तुमचं दुकान तरेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी "हो" आहे. त्या "हो"वर विसंबून लोक दुसऱ्याचंही उत्तर "हो" धरतात आणि सही करतात. हप्ता क्षेत्र भरत नाही, तुम्ही भरणार आहात.

पहिल्यापासून सुरुवात करू. मंदीप्रूफ ही ख्याती हवेतून आलेली नाही. अमेरिकेत हे आकडे वर्षानुवर्षं नीट ठेवले गेलेत, म्हणून तिथलेच घेते. तिथली मोठी मंदी डिसेंबर २००७ ते जून २००९, अशी अठरा महिने चालली, आणि बेरोजगारी ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर पोचली. त्या काळात पाळीव प्राण्यांवरचा एकूण खर्च, तिथल्या पेट प्रॉडक्ट्स असोसिएशनच्या हिशोबाने, २००७ मध्ये ४१.२ अब्ज डॉलर होता, २००८ मध्ये ४३.२ आणि २००९ मध्ये ४५.५. एकदाही खाली नाही. आता याच्या शेजारी हे ठेवा: मोटारींची वर्षाची विक्री सुमारे १.६ कोटींवरून १.०४ कोटींवर आली. २००५ मध्ये वीस लाखांवर नव्या घरांची बांधकामं सुरू झाली होती, २००९ मध्ये जेमतेम साडेपाच लाख. जनरल मोटर्ससारखी कंपनी जून २००९ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली. अशा वर्षांत कुत्र्यामांजरांवरचा खर्च वाढत असेल तर माणूस भारावणारच.

पण थोडं थांबा. हे आकडे डॉलरमधले आहेत, नगांमधले नाहीत. २००८ मध्ये धान्याचे भाव भडकले होते आणि खाद्याची पिशवी महागली होती. पिशव्या तेवढ्याच खपल्या तरी उलाढाल वाढलेलीच दिसणार. तिथल्या कामगार खात्याच्या कुटुंबखर्च पाहणीनुसार मंदीत पाळीव प्राण्यांच्या खाद्यावरचा खर्च स्थिर राहिला. स्थिर म्हणजे टिकला, फुगला नाही. मला यातला "स्थिर" हाच शब्द महत्त्वाचा वाटतो, आणि धंद्यात येणाऱ्यांच्या कानावर नेमका तोच पडत नाही.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेच्या गणतीत २००६ मध्ये पाळीव कुत्रे ७.२१ कोटी होते, २०११ मध्ये ६.९९ कोटी. मांजरं ८.१७ कोटींवरून ७.४१ कोटी. म्हणजे खर्च वर जात होता आणि जनावरं कमी होत होती. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा घडल्या हे कळलं की मंदीत कुठला धंदा का तरतो याचं निम्मं कोडं सुटतं.

माझी त्यासाठी एक साधी विभागणी आहे. काही धंदे घरात असलेल्या गोष्टींवर चालतात आणि काही घरात नव्याने येणाऱ्या गोष्टींवर. पाळलेला कुत्रा घरात आहे, त्याला सकाळी भूक लागते. मालकाची नोकरी गेली हे त्याला कळत नाही, आणि मालकही ते त्याच्या ताटलीवर काढत नाही. त्या ताटलीवर चालणारा धंदा "असलेल्यावर" चालतो. पण नवा गळपट्टा, साखळी, पिंजरा, बिछाना, प्रवासाची पेटी, फिशटँक, पिल्लाच्या पहिल्या लशी आणि त्याचं शिक्षण, या सगळ्याला घरात नवं जनावर यावं लागतं. नोकरीचा भरवसा नसताना माणूस नवं जनावर आणत नाही. "बघू पुढच्या वर्षी" म्हणतो. हा धंदा "नव्यावर" चालतो आणि मंदीचा पहिला फटका त्याला बसतो.

हीच विभागणी इतर क्षेत्रांना लावून बघा. नव्या मोटारींची विक्री कोसळली, पण रस्त्यावर असलेल्या मोटारी कुठे गेल्या नाहीत, उलट लोकांनी त्या आणखी काही वर्षं ओढल्या. त्यामुळे त्याच मंदीत सुट्या भागांची दुकानं आणि गॅरेजं चालू राहिली. नवी घरं थांबली, गळके नळ थांबले नाहीत. नवा फ्रिज लांबणीवर पडला, जुन्याच्या कॉम्प्रेसरवाल्याला फोन गेला. म्हणून "मोटारउद्योग मंदीत बुडतो" हे जितकं अर्धं खरं, तितकंच "पाळीव प्राण्यांचा उद्योग मंदीत तरतो" हेही अर्धंच खरं. दोन्हीकडे असलेल्यावर जगणारे आहेत आणि नव्यावर जगणारेही.

आणि "असलेलं" कायम असतंच असंही नाही. कुत्रा सर्वसाधारण दहा ते तेरा वर्षं जगतो, घरातलं मांजर त्याहून थोडं जास्त, पोपटाची मोठी जात तर माणसाला सोबत करते. पण हॅमस्टर दोन-तीन वर्षांचा पाहुणा. म्हणजे हॅमस्टरचं खाद्य विकणारा वरवर असलेल्यावर चालतो, पण प्रत्यक्षात दर दोन वर्षांनी नव्या खरेदीवर अवलंबून असतो. वर उल्लेख केलेल्या मत्स्यालयवाल्यांचं हेच झालं. त्यांच्याकडे भिंतभर टँक, पंप, फिल्टर, दिवे. मंदीच्या वर्षात लोकांनी मासे विकले नाहीत की टाकले नाहीत. मासे एकेक करून मेले, नवे कुणी आणले नाहीत, आणि एक दिवस टँक पुसून माळ्यावर गेला. खाद्याची डबी, पाणी स्वच्छ करायचं औषध, फिल्टरचा स्पंज, हे सगळं गिऱ्हाईक त्या टँकबरोबर माळ्यावर गेलं. गृहस्थ मला म्हणाले, "बाई, माझं गिऱ्हाईक रागावून गेलं असतं तर परत आणलं असतं. हे नुसतं विरून गेलं." कुत्र्यामांजरांच्या धंद्यात हेच घडतं, फक्त दहापट हळू. २००९ मध्ये न आणलेलं पिल्लू २०१३ मध्ये खात नाही. मंदी संपून सगळे पेढे वाटत असतात तेव्हा हा खड्डा दिसायला लागतो.

आता एक वही दाखवते, नाव-गाव बदलून नाही तर गाळूनच. खाद्य आणि वस्तूंचं दुकान, नवरा-बायको चालवणारे, हिशोब चोख. कर्ज चार महिने अडकलं म्हणून मी गेले. वर्षाची विक्री फार पडलेली नव्हती, सातआठ टक्के असेल. नवरा म्हणाला, "खाद्य तेवढंच जातंय हो, मग पैसा जातो कुठे?" मी बिलांची चळत मागितली आणि एका गिऱ्हाइकाची बिलं वेगळी काढली. आधीच्या वर्षी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक मोठं पोतं, सोबत चघळायचं हाड, दर दोन महिन्यांनी शांपू, मध्येच एक बिछाना. त्या वर्षी तेच गिऱ्हाईक, तोच कुत्रा, तोच ब्रँड, पण दर आठदहा दिवसांनी लहान पिशवी. हाताशी एकरकमी पैसा नसला की माणूस लहान पिशवी घेतो, किलोला जास्त देऊनही. शांपू गायब. बिछाना गायब. हाडं मात्र चालूच होती, किंबहुना थोडी वाढली होती. आणि बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं: "पुढच्या वेळी". उधारी! प्राण्यांच्या दुकानात उधारी देणं फार सोपं असतं, कारण समोर माणूस नाही, शेपूट हलवणारं गिऱ्हाईक उभं असतं. त्याला रिकाम्या हाताने कोण परत पाठवणार?

मग मी वर बघितलं. भिंतीवर आकड्यांना गळपट्टे, साखळ्या, रबरी खेळणी, छोटे रेनकोट लटकत होते. एका खेळण्याच्या पाकिटावर बोट फिरवलं तर धुळीत रेघ उठली. पैसा तिथे लटकत होता. वहीत तो "मालसाठा" म्हणून दिमाखात बसलेला, आणि बँकेनेही त्याच साठ्यावर खेळत्या भांडवलाची मर्यादा मंजूर केलेली. आम्हीही त्यात शहाणपण दाखवलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

ते चघळायचं हाड का टिकलं, याबद्दल एक सांगते. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात लिओनार्ड लॉडर यांनी २००१ च्या मंदीच्या सुमारास "लिपस्टिक निर्देशांक" ही कल्पना पुढे आणली: मोठी खरेदी परवडत नाही तेव्हा बायका छोटी चैन करतात, लिपस्टिक घेतात. हा काही नियम नाही. २०२० मध्ये तोंडावर मास्क आले आणि लिपस्टिकच मागे पडली. पण त्यामागची माणसाची वागणूक मला वह्यांत वारंवार दिसते. बोर्डिंग रद्द होतं, सहल रद्द होते, पण कुत्र्यासाठी पाच मिनिटांच्या आनंदाची वस्तू घेतली जाते. स्वतःवर काटकसर करणाऱ्याला कुणावर तरी काटकसर न केल्याचं समाधान हवं असतं. तुमच्या काउंटरवर हा कोपरा ठेवाच.

आता हिशोब. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण मी पाहिलेल्या दुकानांच्या जवळचं आहे. समजा चांगल्या वर्षी विक्री १००. त्यात खाद्य ६०, वस्तू २०, ग्रूमिंग १५, ट्रीट्स (हाडांसारखा वरचा खाऊ) ५. खाद्यात ढोबळ नफा (विक्रीतून मालाची किंमत वजा करून उरतो तो) १५ टक्के धरा, वस्तूंत ४०, ग्रूमिंगमध्ये ६०, ट्रीट्समध्ये ३०. म्हणजे ९, ८, ९ आणि दीड, मिळून साडेसत्तावीस. भाडं, पगार, वीज, हप्ता असा बांधील खर्च २३. हाती साडेचार. ठीक चाललंय.

मंदी आली. खाद्य ६० चं ५८ झालं, जवळजवळ काहीच नाही. वस्तू २० च्या ११. ग्रूमिंग १५ चं १२, कारण लोक दर महिन्याऐवजी दीड-दोन महिन्यांनी येतात आणि मधल्या आंघोळी घरीच घालतात. ट्रीट्स ५ च्या ५. एकूण विक्री ८६. लोक म्हणतील, १४ टक्क्यांनी पडली, चालायचंच. पण नफा बघा: ८.७, ४.४, ७.२ आणि १.५, मिळून २१.८. ढोबळ नफा २१ टक्क्यांच्या आसपास पडला आणि बांधील खर्च २३ चा २३ राहिला. साडेचार नफ्याचा सव्वा तोटा झाला. खाद्य विकत घेणारं एकही गिऱ्हाईक न गमावता!

सगळा खेळ इथे आहे. जे टिकतं त्यात नफा पातळ असतो आणि ज्यात नफा जाड असतो ते टिकत नाही. क्षेत्राचे आकडे उलाढालीचे असतात, तुमचा हप्ता मात्र ढोबळ नफ्यातून जातो.

यावर कुणी म्हणेल, मग ग्रूमिंग वाढवू, दवाखान्याशी जोडून घेऊ. सेवांबद्दल थोडं जपून. जनावरांच्या दवाखान्यांत अमेरिकेत २०११ मध्ये बायर कंपनीची एक पाहणी गाजली होती. दवाखान्यातल्या भेटी घटल्या होत्या, आणि त्यामागे मंदीच्या जोडीला इंटरनेटवर शोधून घरीच उपाय करणं, मांजराला पेटीत घालून नेण्याची कटकट, नियमित तपासणीची गरजच न वाटणं, अशी कारणं निघाली. मंदी अशा वेळी नवा रोग आणत नाही, आधीच असलेला वाढवते. तातडीचं दुखणं असेल तर माणूस येतो. वार्षिक तपासणी, दातांची सफाई पुढे ढकलतो. ग्रूमिंगमध्येही तोच फरक आहे. जटा होणाऱ्या जातींना कातरल्याशिवाय गत्यंतर नाही, ते गिऱ्हाईक टिकतं, फक्त अंतर वाढतं. आखूड केसांच्या कुत्र्याचा "स्पा" पहिल्या महिन्यात बंद होतो. तुमच्या आसपास कुठल्या प्रकारची जनावरं जास्त आहेत ते दुकान उघडण्याआधी मोजा. खरंच मोजा, सकाळी फिरायला येतात तेव्हा उभं राहून.

दुसरा धोका मंदीपेक्षा जुना आहे: क्षेत्र तरतं आणि तुम्ही बुडता. इंटरनेटवरून पाळीव प्राण्यांचा माल विकणाऱ्या पेट्स डॉट कॉम या अमेरिकन कंपनीने फेब्रुवारी २००० मध्ये भांडवल बाजारातून ८ कोटी २५ लाख डॉलर उभे केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गाशा गुंडाळला. तेव्हा मंदी सुरूसुद्धा झाली नव्हती, ती मार्च २००१ ची. जनावरांवरचा खर्च तर वाढतच होता. मग झालं काय? माल खरेदीपेक्षा स्वस्तात विकला, जड पोती घरपोच पाठवण्याचा खर्च वर सोसला, जाहिरातीवर पैसा ओतला. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, मंदीच्या वर्षात, नेस्लेने राल्स्टन प्युरिना ही खाद्याची कंपनी सुमारे १० अब्ज डॉलरना घेतली. एकाच क्षेत्रात वर्षभराच्या अंतराने एक बुडाला आणि दुसऱ्याने एवढा सौदा केला. असलेल्या ताटल्यांवर ज्याचा ताबा, त्याला किंमत.

आजच्या घडीला तो ताबा ऑनलाइनवाले घेतात. अमेरिकेतल्या च्युई या ऑनलाइन कंपनीच्या विक्रीचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग ठरलेल्या दिवशी आपोआप निघणाऱ्या ऑर्डरींचा असतो. गिऱ्हाइकाला आठवण ठेवायची गरज नाही, म्हणून दुसरीकडे बघायचीही गरज नाही. लहान दुकानाला किमतीत त्यांच्याशी झुंजता येत नाही, पण ही युक्ती उचलता येते: प्रत्येक गिऱ्हाइकाची पिशवी कधी संपते ते वहीत लिहा आणि दोन दिवस आधी निरोप पाठवा. यात भांडवल शून्य लागतं. मी पाहिलेल्या तीसेक धंद्यांपैकी हे करणारी तीन होती, आणि त्यातल्या एकाचंही कर्ज अडकलं नाही. तीनावरून नियम काढू नये हे मान्य, पण करून बघायला हरकत काय?

दुसरा कुठला धंदा बरा, याचं उत्तर थोडक्यात देते, कारण तिथे मला ठाम मत देता येत नाही. मंदीत गिऱ्हाईक एक पायरी खाली उतरतं. महागड्या उपाहारगृहातून स्वस्तात, स्वस्तातून घरच्या स्वयंपाकात. म्हणून २००८ मध्ये अमेरिकी शेअरबाजाराच्या डाऊ निर्देशांकातल्या तीस कंपन्यांपैकी ज्यांचे भाव वर्षअखेर वर राहिले त्या दोनच, वॉलमार्ट आणि मॅकडॉनल्ड्स. त्यांनी खालच्या पायरीवर पाट मांडून ठेवला होता. कुठल्याही धंद्याबद्दल विचारा: माझ्या वरच्या पायरीवर कोण आहे, आणि तिथून घसरणारा माझ्याकडे येईल का? मधल्या पायऱ्यांवरच्यांची पंचाईत होते, वरून येणारे थोडे आणि खाली जाणारे जास्त. किराणा, औषधं, दुरुस्ती, जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री तग धरतात, पण तिथेही नफा पातळच. जाहिरात, इव्हेंट, इंटिरियर, नोकरभरती यांना आधी झळ बसते आणि सावरायलाही तेच आधी लागतात. तुम्हाला जनावरांची जाण आहे, आठ वर्षं सांभाळताय असं लिहिलंय. निव्वळ मंदीला घाबरून न कळणाऱ्या धंद्यात जाऊ नका.

बरंच काही मंदी कशी आहे यावर अवलंबून असेल. नोकऱ्या जाणारी मंदी वेगळी, महागाई वेगळी. २०२० ची अमेरिकेतली मंदी अधिकृतपणे दोनच महिन्यांची, फेब्रुवारी ते एप्रिल, पण त्यात लोक घरी बसले, सरकारी मदत हातात होती, आणि उलट नवी जनावरं आली. एएसपीसीए या तिथल्या प्राणिकल्याण संस्थेच्या पाहणीत त्या काळात सुमारे २.३ कोटी घरांनी कुत्रा किंवा मांजर आणल्याचं दिसलं. नव्यावर चालणाऱ्या धंद्यांना दोन वर्षं लॉटरी लागली. मग लोक कामावर परतले, महागाई आली, खाद्य वर्षात पंधरा टक्क्यांच्या आसपास महागलं, आणि त्या लॉटरीच्या भरवशावर साठा करणाऱ्यांचे पिंजरे पडून राहिले. च्युईचे सक्रिय ग्राहक २०२१ च्या २.०७ कोटींवरून २०२३ मध्ये २.०१ कोटींवर आले, पण दर ग्राहकामागची वर्षाची विक्री ४३० डॉलरवरून ५५५ वर गेली. असलेल्याचा खर्च वाढला, नवे आले नाहीत. पुन्हा तेच.

तुमच्या गिऱ्हाइकांवरही बरंच अवलंबून आहे. सगळी एकाच मोठ्या कारखान्यात किंवा एकाच प्रकारच्या कंपन्यांत काम करत असतील तर देशाची मंदी विसरा, तो कारखाना बघा. भाड्याने राहणारी जास्त असतील तर आणखी एक धोका: घर बदलावं लागलं आणि नवा मालक जनावर ठेवू देत नसला की जनावर नातेवाइकांकडे नाहीतर आश्रयगृहात जातं. २००८–०९ मध्ये अमेरिकेत कर्जापायी घरं सुटली तेव्हा तिथल्या आश्रयगृहांनी हेच पाहिलं.

मग तुमच्या जागी मी काय केलं असतं? प्रस्तावावर सही करण्याआधी एकच परीक्षा घेतली असती. कागद घ्या आणि धरून चाला की पुढची अठरा महिने तुमच्या परिसरात एकही नवं जनावर येणार नाही. आज जी आहेत तेवढीच. त्यातली किती तुमच्याकडे खाद्य घेतील, किती दर दोन महिन्यांनी केस कापायला येतील? त्यातून भाडं आणि हप्ता निघतो का? निघत असेल तर उतरा, मंदी असो नसो. निघत नसेल तर दुकान लहान करा, जागा बदला किंवा कर्ज कमी करा, पण गणित जुळवायला "वस्तूंची विक्री वाढेल" हे वाक्य लिहू नका. प्रत्येक अडकलेल्या प्रस्तावात ते मला सापडलंय, कधी कधी अधोरेखित केलेलं.

जिची नोकरी चालू आहे तिने निदान पहिलं वर्षभर ती सोडू नये. आणि वस्तूंचा साठा ठोकवाल्याकडून परत घेण्याच्या बोलीवर मिळतो का बघा. मंदीत ठोकवालाही माल हलवायला अगतिक असतो, तेव्हा अशी बोली पदरात पडते. एरवी तो उभं करत नाही.

शेवटी तुम्ही ताजा कलम म्हणून विचारलंय, ग्रूमिंगची दोन टेबलं आणि ड्रायर आत्ताच घ्यावेत का. एक टेबल घ्या, आणि नवं घेऊ नका. त्या नवरा-बायकोंनी पुढे मागची खोली बंद केली तेव्हा त्यांचं हायड्रॉलिक टेबल, जेमतेम वर्षभर वापरलेलं, तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीला गेलं. घेणारी मुलगी माझ्याच टेबलासमोर कर्जाचा अर्ज घेऊन बसली होती. अर्ज लहान होता. तो मी त्याच दिवशी पुढे पाठवला.